कुत्रा आवाराबाहेर पळू नये म्हणून झटक्याचं कुंपण लावावं का?

तुमचं शेतात घर आहे, कुत्रा सारखा डांबरी रस्त्यावर पळतो आणि दुकानदार म्हणतोय झटका मशीन लावा. आम्ही जुन्नर तालुक्यात हे करून बसलोय, म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी, घरातली लाइट सरळ तारेला जोडायचा विचार कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्याने कुत्रा मरतो, शेजाऱ्याची म्हैस मरते, माणूस मरतो आणि मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. झटका मशीन वेगळं. त्यात दाब काही हजार व्होल्टचा असला तरी साधारण सेकंदाला एकच ठोका, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. म्हणून जोरात बसतो पण जनावर तारेला चिकटून राहत नाही. तेही नीट बनावटीचंच घ्या, वायरमनने जोडून दिलेला डबा नको.

आमचं मशीन रानडुकरांसाठी आणलं होतं. म्हटलं, एक तार खाली वीतभर उंचीवर घेतली की आमचा कुत्रा टिप्याही आत राहील. पहिल्याच दिवशी त्याने तार हुंगली. ओलं नाक! किंचाळला आणि मागे यायच्या ऐवजी पुढे झेपावला, म्हणजे कुंपणाबाहेर. मग संध्याकाळपर्यंत आत यायला तयार नाही. शेवटी मशीन बंद करून त्याला उचलून आणला. पुढे तीन दिवस पडवी सोडली नाही, आणि कुंपणाच्या त्या कोपऱ्यात नेमका तेव्हा उभा असलेला आमचा गडी दिसला की गुरगुरायचा. त्याच्या डोक्यात झटका तारेने नाही, गड्याने दिला होता.

महिन्याभराने वस्तीवरची कुत्री माजावर आली. टिप्या ओरडत ओरडत तारेतून गेला. परत येताना मात्र कुत्र्याला असली कुठली ओढ नसते, त्यामुळे तो बाहेरच बसून राहिला. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो, आणि मशीनची टकटक थांबली की त्याला आमच्याआधी कळायचं.

अमेरिकेतल्या भाच्याकडे दुसरा प्रकार आहे. तिथे वायर जमिनीत पुरतात, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. वायरजवळ गेला की पट्टा आधी वाजतो, तरी पुढे गेला तर मानेला झटका. त्यांनी सुरुवातीला हद्दीवर छोटी निशाणं लावून, दोरी धरून, रोज थोडं थोडं शिकवलं. शिकवण नसेल तर तो नुसता छळ. पट्टा दिवसरात्र गळ्यात ठेवला की मानेला जखमा होतात, बॅटरी उतरली की कुंपणच नाही. वेल्समध्ये झटक्याच्या पट्ट्यांवर 2010 पासून बंदी आहे.

पण आपल्याकडे खरी अडचण निराळी आहे. पुरलेली वायर आपल्या कुत्र्याला आत ठेवील, बाहेरच्याला अडवणार नाही. भटकी टोळी आत घुसते तेव्हा आपला कुत्रा पळणार कुठे? आणि आमच्या भागात उसातला बिबट्या. त्याला कुत्रा म्हणजे आयतं जेवण. म्हणून रात्री टिप्या कुंपणाच्या भरवशावर नसतो, गोठ्याशेजारी लोखंडी पिंजरा केलाय, वरून बंद.

आता आवाराला पाच फुटी चेनलिंक जाळी आहे. खालची कड वीतभर मातीत पुरून वर दगड रचलेत, कारण ओढ्याच्या बाजूला माती वाहून गेली की तो तिथूनच उकरतो. खर्च झटक्यापेक्षा बराच जास्त आला, खोटं कशाला बोलू. सगळ्या एकराला परवडत नसेल तर घराभोवतीचे पाच गुंठे बंदिस्त करा. शिवाय नसबंदी करून घ्या. आमच्या टिप्याचं भटकणं त्यानंतर खूपच कमी झालं. आणि सकाळ-संध्याकाळ साखळी लावून फिरवा. कंटाळलेला कुत्रा भोक शोधतोच.

झटका मशीन आम्ही काढलेलं नाही. ते जाळीच्या बाहेर, उसाच्या बाजूला डुकरांसाठी चालू असतं. टिप्या आता फक्त दूधवाला फाटक उघडं टाकून जातो तेव्हा पळतो. फाटक आपोआप लागावं म्हणून स्प्रिंग आणून ठेवलीय, बसवायची राहिलीय.