आधी भागीदारीपत्र शोधा, सहीचं मग बघू

दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजोबांच्या द्राक्षबागेत त्यांच्या वडिलांनी आणि थोरल्या काकांनी २००६ साली वाइनरी काढली. दोघेच भागीदार. वडिलांना जाऊन सव्वादोन वर्षं झाली. आता चुलतभाऊ म्हणतो, "वाइनरी आमच्या बाबांनी उभी केली, लायसन त्यांच्याच नावावर आहे. तुमचा हिस्सा फक्त जमिनीत. हक्कसोडपत्रावर सही करा."

ताई, सही अजिबात करू नका. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेताना वर्षं जातात.

२००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि नाशिकमधली कितीतरी बागायतदार घराणी या धंद्यात उतरली. जमीन आजोबांची, कर्जाला सही एका भावाची, लायसन दुसऱ्याच्या नावावर, असा कारभार मी अनेक फायलींत पाहिला आहे. लायसन म्हणजे वाइन बनवण्याची परवानगी. धंद्याची मालकी त्यावरून ठरत नाही.

पण एक गैरसमज तुमचाही दिसतो. जमीन वडिलोपार्जित, म्हणून वाइनरीही आपोआप कुटुंबाची, असं कायदा धरत नाही. तुमची बाजू भागीदारीवर उभी राहील. भागीदार दोनच असतील आणि त्यातला एक वारला, तर फर्म तिथेच विसर्जित होते. करारात "पुढे चालू राहील" असं लिहिलेलं असलं तरी. त्या दिवशी वडिलांचा जो हिस्सा होता, तो आई, तुम्ही आणि भाऊ यांच्यात समान. आजी हयात असतील तर त्यांचाही तितकाच.

हिशेबाच्या दाव्याची, म्हणजे फर्मचा हिशेब करून वडिलांचा हिस्सा मागण्याच्या दाव्याची, मुदत विसर्जनापासून ३ वर्षं. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम ९ महिने आहेत, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. घरच्या बैठका जरूर घ्या, पण दाव्याची तयारी त्यांच्यासाठी थांबवू नका. फर्म नोंदलेली नसेल तरी घाबरू नका. अशा दाव्याला महाराष्ट्राच्या कायद्यात जी आडकाठी होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घटनाबाह्य ठरवली. काकांनी हिशेब न मिटवता धंदा चालू ठेवला असेल, तर त्या काळाच्या नफ्यातला वाटा किंवा हिश्शाच्या रकमेवर ६ टक्के व्याज, यातलं एक तुम्ही निवडू शकता.

भागीदारीपत्राची प्रत, बँकेच्या कर्जाचे कागद, वडिलांची आयकर विवरणपत्रं आणि जुने फेरफार आजच गोळा करायला लागा. जमीन फर्मच्या भांडवलात घातली होती की नुसती वापरायला दिली होती, हे त्यातूनच कळेल. वापरायला दिलेली असेल तर तिच्या वाटपाचा दावा वेगळा, आणि त्यात हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीमुळे तुमचा हक्क भावाइतकाच.

वाइनरीला कुलूप लावा, अशी मागणी मात्र कोर्टात करू नका. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणी असते. तेव्हा टाक्या बंद पडल्या तर नुकसान तुमच्याही हिश्शाचं. मालमत्ता विकायला मनाई आणि दरमहा हिशेब सादर करण्याचा आदेश, एवढंच मागा.