सगळ्याच स्टाइल आवडतात, मग माझी स्टाइल कोणती?

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोठं आहे पण मनापासून लिहिलंयस. कॉलेजचं दुसरं वर्ष, अडीच वर्षांपासून हातात कॅमेरा आणि सोबत आलेली 18-55 (मिमी झूम) ची किट लेन्स. आधी ब्लॅक अँड व्हाइट स्ट्रीट केलं, मग मॅक्रो (बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो), मग लाँग एक्सपोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून), आता डबल एक्सपोजर (एका फोटोवर दुसरा) चालूये. आणि एका सीनियरने तुला सांगितलं की तुझी स्वतःची स्टाइलच नाहीये, एक काहीतरी पकड नाहीतर या फील्डमध्ये टिकणार नाहीस. तेव्हापासून कॅमेरा उचलावासाच वाटत नाही असं लिहिलंयस, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. तुझे प्रश्न तीन : स्टाइल कशी ठरवायची, नवीन लेन्स घ्यावी का, आणि या प्रयोगांचा करिअरला काही उपयोग आहे की नुसताच टाइमपास.

सीनियरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. काम मागायला जाशील तेव्हा पोर्टफोलिओ एका माणसाचा वाटला पाहिजे हे खरंच आहे, साठ फोटो आणि त्यात फूल, लग्न, धबधबा, कुत्रा, सूर्यास्त असं सगळं असलं की बघणाऱ्याला कळतच नाही हिला कशासाठी बोलवायचं. पण तो झाला दाखवायचा भाग. शिकण्याच्या वयात एकच काहीतरी पकडून बसलीस तर आपल्याला काय येतं हेच तुला कळणार नाही.

आणि सब्जेक्ट एकच असला म्हणजे स्टाइल झाली असंही नसतं. अर्विंग पेन हा फोटोग्राफर बघ. 1943 पासून तो व्होग या फॅशन मासिकासाठी काम करत होता, त्याने फॅशन केलं, नामवंतांचे पोर्ट्रेट केले, 1950-51 मध्ये खाटीक, बेकरीवाले, सफाई कामगार यांना त्यांच्या कामाच्या कपड्यांत स्टुडिओत उभं करून फोटो काढले, आणि 1972 मध्ये चक्क रस्त्यावरची सिगारेटची थोटकं उचलून आणून त्यांचे मोठे प्रिंट केले. विषय इतके वेगळे, तरी फोटो शेजारी शेजारी ठेवले की एकाच माणसाचे वाटतात, कारण साधी मोकळी बॅकग्राउंड, शांत लाइट आणि समोरच्या वस्तूकडे सारख्याच आदराने बघणं हे सगळीकडे आहे. थोटकासाठीसुद्धा.

आता तुझ्या पत्राकडे येते. मॅक्रोबद्दल तू एक ओळ लिहिलीयस, ब्लॅक अँड व्हाइटबद्दल दोन. पण बसच्या ओल्या काचेतून काढलेल्या त्या एका फोटोबद्दल जवळजवळ अख्खं पान! तेही माफी मागत, की टेक्निकली चुकलाय, फोकस थेंबांवर गेला, बाहेरचा माणूस नुसता लाल डाग झाला, वरून आतल्या सीटचं रिफ्लेक्शनही आलं. अगं मी असते तर तिथूनच सुरुवात केली असती. सॉल लायटर नावाचा फोटोग्राफर होता, 1946 मध्ये चित्रकार व्हायला न्यूयॉर्कला आला आणि वर्षानुवर्षं बाष्प धरलेल्या काचा, रिफ्लेक्शन, छत्र्या, अर्धवट झाकलेली माणसं असे रंगीत फोटो काढत राहिला, पोटासाठी हार्पर्स बझारसारख्या मासिकांची फॅशनची कामं करायचा. त्याच्या रंगीत फोटोंचं पुस्तक 2006 मध्ये आलं, तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. त्याची कॉपी कर असं म्हणत नाहीये, पण तू जिला चूक म्हणतेयस त्यावर एका माणसाने आयुष्य काढलंय एवढं माहीत असू दे.

आणि मला अजून एक दिसलं जे बहुतेक तुला दिसलेलं नाही. डबल एक्सपोजरमध्ये दोन फ्रेमचा लाइट एकमेकांत मिळवला जातो, म्हणून पहिल्या फ्रेममधलं पांढरं आकाश पांढरंच राहतं आणि जिथे काळोख असतो, म्हणजे समज सिल्हूएटमध्ये (उजेडासमोरच्या काळ्या आकृतीत), तिथेच दुसरं चित्र उमटतं. काचेवरचं रिफ्लेक्शन अगदी तसंच वागतं, काचेपलीकडे जिथे अंधार तिथे ते ठळक दिसतं आणि जिथे उजेड तिथे पुसलं जातं. लाँग एक्सपोजरही काय, वेगवेगळ्या क्षणांचे थर एकावर एक. म्हणजे तू चार वेगळ्या गोष्टी करत नव्हतीस गं, त्यातल्या निदान दोन-तीन एकाच ओढीतून आल्यात, तुला एका चित्रात दोन चित्रं बघायला आवडतात. मॅक्रो यात बसत नाही. नाही बसू दे.

मग आता पुढचे दोन महिने फक्त काच. बस, दुकानाची शोकेस, आरसा, डबक्यातलं पाणी, जे मिळेल ते. तोच फोटो मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे काढ, फोकस थेंबांवर, मग माणसावर, मग रिफ्लेक्शनमधल्या गोष्टीवर, आणि इथे एक गंमत कळेल की काचेवर फोकस केला की रिफ्लेक्शन शार्प येत नाही कारण कॅमेऱ्यासाठी ते काचेच्याही मागे असतं, तुझ्यापासून काच आणि काचेपासून ती वस्तू अशी दोन्ही अंतरं मिळून. f/5.6 ला (लेन्सचं छिद्र मोठं) काढ, f/16 ला (छिद्र बारीक) काढ, फरक लिहून ठेव. कुणाचा पोलरायझर (चमक कापणारा, लेन्सवर फिरवता येणारा फिल्टर) मिळाला तर लावून बघ, पण काचेसमोर सरळ उभी राहिलीस तर काही होणार नाही, काचेच्या पृष्ठभागाशी साधारण 35 अंश तिरकी झालीस की रिफ्लेक्शन जवळजवळ गायब होतं आणि फिल्टर फिरवून ते किती ठेवायचं हे तुझ्या हातात येतं.

लेन्स घेऊ नकोस. आत्ता तरी नाही. चेहऱ्याचं नाक मोठं दिसणं किंवा मागचा डोंगर जवळ आल्यासारखा दिसणं हे लेन्समुळे होतं असं सगळे म्हणतात, पण पर्स्पेक्टिव्ह बदलतं ते अंतरामुळे, लेन्स फक्त फ्रेममध्ये किती येणार ते ठरवते. 18 वर अर्ध्या मीटरवरून आणि 55 वर दीड मीटरवरून एकच चेहरा काढ, लगेच कळेल. लाँग एक्सपोजरला 10 स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड साधारण हजारपट कमी करणारी काळी काच) लागतो म्हणून अडलंय असं लिहिलंयस, तो लावला की 1/60 सेकंदाचं एक्सपोजर साधारण 17 सेकंदांचं होतं हे बरोबर, पण ट्रायपॉडवर वीस-तीस छोट्या फ्रेम काढून सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सरासरी घेतली तरी पाणी तसंच मऊ होतं.

एक गोष्ट मात्र खटकली. चार पानांच्या पत्रात लाइट हा शब्द एकदाही नाही. इफेक्टबद्दल खूप आहे, लाइटबद्दल काहीच नाही, आणि करिअर म्हणशील तर पहिली परीक्षा तिथेच होते. सूर्य अवाढव्य आहे पण इतका लांब की आपल्याला बारीकसा दिसतो म्हणून सावलीची कड कडक, ढग आले की अख्खं आकाशच लाइट होतं आणि सावली विरघळते, सगळा खेळ सब्जेक्टच्या मानाने लाइटचा सोर्स केवढा दिसतो याचा. छोट्या फ्लॅशचं अंतर दुप्पट केलंस की उजेड चौथाई होतो, यावरच बॅकग्राउंड काळी करायची की उजळ ठेवायची हे ठरवता येतं. एक खिडकी, एक खुर्ची, एक माणूस घे आणि खिडकी बाजूला, मागे, समोर असं करत रोज एक फोटो काढ. कंटाळवाणं आहे, तरी कर.

कामाचं बोलायचं तर ही थरांची नजर पुस्तकांची मुखपृष्ठं, अल्बम कव्हर, मासिकांचे लेख, फॅशन एडिटोरियल इथे चालते. प्रॉडक्ट कॅटलॉगला स्वच्छ, स्पष्ट फोटो लागतो, तिथे हे नको. बातमीच्या फोटोत तर अजिबातच नाही, वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत पुढच्या फेरीत पोचलेल्यांकडून कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल मागतात आणि फोटोत काही घातलं किंवा काढलं असेल तर बाद करतात. डिग्री पूर्ण कर, सुट्ट्यांमध्ये एखाद्या कमर्शियल फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून जा, सुरुवातीला स्टँड उचलायला लावतील पण लाइट कुठे आणि का ठेवला ते बघायला मिळेल. कोर्स निवडताना ब्रोशरपेक्षा हे विचार की स्टुडिओत प्रत्यक्ष किती तास मिळतात आणि तुमच्या फोटोंवर समोर बसून कोण बोलतं.

काचेचे वीस फोटो झाले की पाठव, चांगले-वाईट न निवडता पाठवलेस तरी चालेल. आणि हो, बसमधला तो फोटो डिलीट करणार असं शेवटी लिहिलं होतंस. केला असशील तर त्या कार्डवर नवीन काही शूट करू नको, फॉरमॅटही मारू नको, आधी रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून तो परत काढ.