वाचकांचे प्रश्न : सायरन वाजत असताना आईला काय सांगायचं?

प्रश्न : ताई, मी 2 वर्षं झाली इस्रायलमध्ये रेहोवोतला पोस्टडॉक करतेय. 13 जून 2025 ला इराणशी युद्ध सुरू झालं, पहाटे 3 च्या सुमारास फोन आणि सायरन एकदमच किंचाळायला लागले आणि पुढचे 12 दिवस आम्ही बिल्डिंगच्या तळघरातल्या शेल्टरमध्ये वर-खाली करत काढले. आमची बिल्डिंग जुनी आहे त्यामुळे घरात ममाद (घरातली काँक्रीटची सुरक्षित खोली) नाही. 15 तारखेला इथल्या वाइझमन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेवर मिसाइल पडलं, ओळखीतल्या एकीचे कित्येक वर्षांचे सॅम्पल्स गेले आणि मला आधी काय वाटलं तर माझे वाचले! नंतर स्वतःचीच लाज वाटली. शेल्टरमध्ये आम्ही पत्ते खेळायचो, हसायचो पण. आईला मी सांगायचे की आमच्याकडे काहीच नाहीये, ती टीव्हीवर सगळं बघत असायची. ती म्हणते परत ये. मला यायचं नाहीये, पण इथलीही वाटत नाही. मी निर्दयी झालेय का?

उत्तर : अगं, निर्दयी माणूस असं पत्र लिहीत नाही. सॅम्पल्सचं म्हणशील तर मनात पहिला विचार कुठला येतो ते आपल्या हातात नसतं, नंतर तू तिच्याकडे गेलीस की नाही ते महत्त्वाचं (गेली नसशील तर अजूनही जा, लॅबमध्ये जागा-केमिकल्स काय शेअर करता येईल ते विचार). पत्ते-हसण्याचं तर मला काही वाटतच नाही, अर्धी रात्र तळघरात बसून माणूस दुसरं काय करणार.

आईशी खोटं बोलणं मात्र मला खटकलं, कारण मीही तेच केलंय. मी बीरशेवाला राहते, गाझातून रॉकेट आलं तर आमच्याकडे सायरननंतर एक मिनिट मिळतं, तुमच्याकडे दीड, गाझालगतच्या गावांना 15 सेकंदसुद्धा नाही. 2021 च्या मे महिन्यात गाझातून येणाऱ्या रॉकेट्सचे ते 11 दिवस चालू होते तेव्हा व्हिडिओ कॉलवर सायरन वाजला आणि मी आईला म्हटलं, अॅम्ब्युलन्स आहे गं. संध्याकाळी तिने बातम्या बघितल्या. त्यानंतर कितीतरी महिने तिकडे रस्त्यावरून खरी अॅम्ब्युलन्स गेली तरी ती मला फोन करायची! म्हणजे काळजी कमी करायला गेले आणि कायमची लावून बसले. मग मी ठरवलं की "सेफ आहे" हा शब्दच वापरायचा नाही, काय करते ते सांगायचं. अलर्ट आला, ममादमध्ये गेले, लोखंडी खिडकी ओढून घेतली, 10 मिनिटं बसले, बाहेर आले. 1991 च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांना अशी काँक्रीटची खोली सक्तीची झाली हेही सांगितलं. थेट मारा झाला तर ममादही पुरत नाही, 2025 च्या जूनमध्ये पेताह तिकवा शहरात दिसलंच ते, आणि तेही मी लपवलं नाही.

परत जायचं की नाही हे मी सांगणार नाही. पण सायरन चालू असताना हा निर्णय घेऊ नकोस, शांत असेल तेव्हाच स्वतःशी ठरव की काय झालं तर निघायचं, आणि ते आईलाही सांग. जूनमध्ये विमानतळ बंदच होता, भारत सरकारच्या ऑपरेशन सिंधू या सुटकेच्या मोहिमेतून आपले लोक जॉर्डन आणि इजिप्तमार्गे निघाले, तेव्हा ऐनवेळी तिकीट काढून जाऊ हे डोक्यातून काढ. दूतावासात नाव नोंदवलेलं असू दे, पासपोर्ट-व्हिसा-औषधं एका बॅगेत, आणि मधेच गेलं तर फेलोशिपचं काय होतं ते सुपरवायझरला आत्ताच विचारून ठेव.

"इथलीही वाटत नाही" हे तू शेवटी एका ओळीत उरकलंस, मला वाटतं खरं दुखणं तिथेच आहे. शेल्टरमध्ये शेजारची आजी तुझ्या अंगावर चादर घालते तेव्हा तू तिची असतेस, आणि तिथून 50 किलोमीटरच्या आत गाझा आहे जिथे सायरन नाहीत आणि शेल्टरही नाहीत, हे आठवलं की घास उतरत नाही. माझंही तसंच होतं. ऑफिसात कुणी "तू कुणाच्या बाजूची" विचारलं तर मी पूर्वी गडबडायचे, आता सांगते की 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने इस्रायलवर हल्ला केला तेव्हा मी रडले आणि गाझातली मुलं बघूनही रडते, काहींना ते आवडत नाही, एका मैत्रिणीने तर बोलणं कमी केलं. त्याचं वाईट वाटतं. ही दोन्ही रडणी मला काही अजून एकात बसवता आलेली नाहीत.

आणि हो, खरं सांगायला लागल्यापासून आमची आई "कशी आहेस" विचारत नाही. जूनमध्ये रोज रात्री तिचा मेसेज यायचा, "पाण्याच्या बाटल्या भरल्यास का, चार्जर आत नेलास का." एकदा खरंच चार्जर बाहेर राहिला होता.