सोलोची घाई नको

मित्रा, बरोबरच्या पोराचा सोलो, म्हणजे एकट्याने विमान उडवणं, झाला आणि तुझा राहिला, म्हणून जीव खालीवर होऊ देऊ नकोस. पीपीएलला, म्हणजे खासगी पायलटच्या लायसन्सला, उड्डाणाचे ४० तास लागतात, त्यातले २० सोलो. पण हे आकडे किमान आहेत, बऱ्याच जणांचे जास्तच होतात.

लँडिंग जमत नाही म्हणतोस, तर एक सांग: फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक जरा वर घेताना, तुझी नजर कुठे असते? नाकासमोरच्या डांबरावर असेल, तर विमान एकतर आपटणार नाहीतर तरंगत राहणार. नजर रनवेच्या पार टोकाला ने, इंजिनची पॉवर काढ आणि विमान खाली बसायला लागलं की योक (विमानाचं हँडल) हळूहळू मागे घेत राहा. बाउन्स झालंच तर सरळ गो-अराउंड, म्हणजे पॉवर देऊन पुन्हा वर आणि नव्याने लँडिंग. त्यात कसला आलाय कमीपणा!

उन्हाळ्यात दुपारचा स्लॉट शक्यतो टाळ, थर्मल्स (तापलेल्या जमिनीवरून वर येणारे हवेचे झोत) नवख्याला नुसते हैराण करतात. उडण्याआधी टाकीतून ड्रेन केलेलं, म्हणजे तपासायला थोडं काढलेलं, इंधन उजेडात धरून बघायचा कंटाळा नको: १०० एलएल (छोट्या विमानांचं पेट्रोल) निळसर असतं, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं.

आणि पुढे सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, करायचंच असेल, तर त्याला लागणाऱ्या क्लास वन मेडिकलचं (वैद्यकीय तपासणीचं) आत्ताच बघ, घरच्यांचे पैसे ओतून झाल्यावर नव्हे.