इयत्ता बाजूला ठेवा, आधी वाचून घ्या

वस्तीतल्या मुलांना शिकवायला जाणाऱ्या वाचकांच्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : मी आयटीत नोकरी करतो. शनिवारी तीन तास मोकळे असतात. जवळच्या वस्तीत वर्ग सुरू करायचा आहे. कशी सुरुवात करू? (पिंपरी)

वाचायला शिकवायचं असेल तर शनिवारचे तीन तास फुकट जातील. आज ओळखलेलं अक्षर उद्या-परवा पुन्हा डोळ्यांखालून गेलं नाही, तर पुढच्या शनिवारी पाटी कोरीच असते. पाच जण जमवा, प्रत्येकाने एक संध्याकाळ घ्या, रोज एकच तास. आज काय झालं, कोण कुठे अडलं, उद्या कुठून सुरू करायचं, एवढ्या तीन ओळी लिहायला एक सामाईक वही ठेवा. ती नसली की पाचही ताई-दादा पहिलंच पान शिकवत बसतात. पाच जण मिळत नसतील तर आधीपासून चालू असलेल्या वर्गाला जोडून घ्या आणि शनिवारी गोष्टीची पुस्तकं, साधे प्रयोग करा. तिथे खंड पडल्याने बिघडत नाही.

जागा म्हणून समाजमंदिर, मंडळाचं कार्यालय किंवा सकाळी बालवाडी भरते ती खोली बघा. पोटमाळा नको, उतरायला एकच शिडी असते. वेळ ठरवण्याआधी नळाला पाणी किती वाजता येतं ते बायकांना विचारा. पाण्याच्या वेळेत वर्ग ठेवला की हंडे भरणाऱ्या मोठ्या मुली गळतात, आणि महिन्याभरात तो नुसता मुलग्यांचा वर्ग होतो.

प्रश्न : वर्गात चौथी ते सातवीची अठरा मुलं आहेत. फळ्यावरचं सुरेख उतरवून घेतात, पण वाच म्हटलं की गप्प. (गोवंडी)

उतरवणं म्हणजे चित्र काढणं. त्यावरून वाचता येतं असं धरू नका, आणि इयत्तेवरून तर मुळीच नको. प्रत्येकाला एकेकटं, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं बाजूला बसवून वाचायला द्या. मुलांना किती वाचता येतं हे तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात 2005पासून वापरतात तीच पद्धत इथे चालते. एका कागदावर सुटी अक्षरं, दोन अक्षरी सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करा. तीनपर्यंत चुका करून वाक्य वाक्यासारखं वाचलं तर गोष्ट द्या. अडखळला तर शब्दांकडे या. पाचांतले चार वाचता आले तर तो शब्द पातळीवर. नाही आले तर अक्षरं, तिथेही पाचांत चार. एका मुलाला चार-पाच मिनिटं पुरतात. मग पातळीनुसार गट करा, सातवीचा आणि चौथीचा एकत्र बसले तरी चालेल. मोठ्या मुलाला मात्र त्याची लाज वाटते. त्याच्या हातात पहिलीचं पाठ्यपुस्तक देऊ नका, सुट्या कागदावर क्रिकेटची किंवा रिक्षाची चार वाक्यं लिहून द्या.

अक्षर गटाला अ, आ, इ पासून सुरू करू नका. आपल्याकडे ‘गमभन’ म्हणतात ते उगीच नाही. वळणाने जवळची अक्षरं एकत्र घेतली की हात लवकर बसतो. पाच-सहा अक्षरं झाली की लगेच काना द्या. मग मामा, नाग, गाभा असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात आणि मूल टिकतं. रोज दहा मिनिटं बाराखडीचा तक्ता बोट ठेवून वाचा, पण आडवाही आणि उभाही. एकाच दिशेने वाचला तर तो गाण्यासारखा पाठ होतो. तक्ता झाकून मधलाच ‘गे’ दाखवला की खरं कळतं.

जोडाक्षरं सर्वांत शेवटी. त्यातही ‘र’ वेगळा काढा: सूर्य, प्रकाश, राष्ट्र, सुऱ्या. एकच अक्षर चार वेशांत येतं आणि मुलं नेमकी तिथे अडतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा या टप्प्यावर करू नका. शुद्धलेखनाचा आग्रह धरणारे स्वयंसेवक मुलांचं लिहिणंच बंद पाडतात.

प्रश्न : ‘त्रेपन्न’ सांगितलं की मुलं 35 लिहितात. वजाबाकीही चुकते. (ठाणे)

त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून तीन आधी लिहिले जातात. एकोणसाठला साठ ऐकू येतं आणि 69 लिहिलं जातं. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असं वाचन दिलं तेव्हा गदारोळ झाला होता, पण अडचण खरीच आहे. दोन्ही तऱ्हांनी म्हणून घ्या.

वजाबाकीत 42 – 17 = 35 असं उत्तर दिसलं तर मुलाने मोठ्यातून लहान वजा केलंय: सातातून दोन, चारातून एक. ‘हातचा घे’ असं ओरडून उपयोग नाही. शंभर आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड आणा. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून सतरा मागा. दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत, म्हणून मूल आपणहून गठ्ठा सोडतं. हे हाताने चार दिवस झाल्यावरच वहीत मांडा.

प्रश्न : मुलं घरी भोजपुरी किंवा वडारी बोलतात. मराठी सुधारत बसू का? (पुणे)

नाही. मूल शाळेत ज्या माध्यमात आहे त्याच भाषेत वाचन शिकवा. मुंबईत तर पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत आहेत, आधी विचारून घ्या. वस्तूंची नावं मुलांकडून त्यांच्या भाषेत घ्या, शेजारी मराठी शब्द लिहा.

प्रश्न : जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारला. (नवी मुंबई)

असं करता येत नाही. सहा ते चौदा वयासाठी 2009चा शिक्षणहक्क कायदा आहे. त्याच्या कलम 14नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून, आणि कलम 5नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम 4नुसार दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत नव्हे, वयानुरूप वर्गात बसवायचं असतं. ही तीन कलमं नमूद केलेला लेखी अर्ज मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. तोंडी भांडणाचा कागद होत नाही.

प्रश्न : एका मुलीने शेजारचा माणूस ‘अंगाला हात लावतो’ असं सांगितलं. घरी सांगू का? (वाचकाने गाव लिहिलेलं नाही)

तिला खोदून प्रश्न विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आजच 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. त्या माणसाला जाब विचारायला, किंवा वस्तीतल्या कार्यकर्त्याकडे ‘मिटवायला’ अजिबात जाऊ नका; पहिला मार मुलीलाच बसतो.