पर्माफ्रॉस्ट (वर्षानुवर्षं गोठलेली जमीन) वितळून कोसळणाऱ्या उतारांचा अभ्यास जीपीआरने (जमिनीत रेडिओलहरी सोडून खालचे थर दाखवणाऱ्या रडारने) होतो का? अँटेना कुठली घ्यावी?

होतो. पण अँटेनाआधी जमिनीतून जाणाऱ्या लहरीच्या वेगाचं बोलू, कारण सगळा घोळ तिथे होतो आणि तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

कॅनडाच्या वायव्य टोकाला, फोर्ट मॅकफर्सनच्या पश्चिमेला पील पठार आहे. हिमयुगातला बर्फ तिथे मातीखाली अजून गाडलेला आहे. ओढ्याने काठ कापला किंवा पाऊस जास्त झाला की तो उघडा पडतो, वितळतो, वरची माती चिखल होऊन वाहून जाते आणि बर्फाची भिंत दर उन्हाळ्यात मागे मागे सरकते.

अशाच एका भिंतीच्या वरच्या अंगाला, ऑगस्टअखेर, आम्ही 100 मेगाहर्ट्झची अँटेना ओढत होतो. पायाखाली शेवाळ, त्याखाली पाण्याने फुगलेलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. स्क्रीनवर 30 नॅनोसेकंदांवर ठसठशीत, सलग रेघ: खालच्या गोठलेल्या थरावरून परतलेला प्रतिध्वनी. आमच्या गटातले वरिष्ठ म्हणाले, "दीड मीटर वितळलंय." सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेला 0.1 मीटर प्रति नॅनोसेकंद वेग त्यांनी तसाच ठेवला होता. मी लोखंडी सळई खुपसली. 60 सेंटीमीटरवर थांबली. ओल्या पीटमध्ये लहर 0.04 च्या आसपास वेगाने जाते. जाऊन-येऊन 30 नॅनोसेकंद म्हणजे बरोबर 60 सेंटीमीटर.

"दगडाला लागली असेल," एवढंच उत्तर मिळालं. दगडाला लागली तर खणकन आवाज येतो, मनगटाला झिणझिण्या येतात. गोठलेल्या मातीवर सळई नुसती दप्प करून थांबते. हा फरक हाताला एकदा कळला की विसरत नाही. मी वीस ठिकाणी खुपसली. अहवालात तरी दीड मीटरच गेला. गाडलेल्या बर्फाच्या माथ्यापर्यंत उन्हाळ्याची धग पोचली की नाही, हे ज्या आकड्यावर ठरतं तोच आकडा अडीच पट चुकीचा!

आता अँटेना. वितळलेल्या थराची खोली हवी असेल तर 100 ते 200 मेगाहर्ट्झ, उन्हाळा संपताना. गाडलेल्या बर्फाचा तळ हवा असेल तर 50, आणि मार्च-एप्रिलमध्ये, सगळं गोठलेलं असताना. बर्फात वेग 0.16-0.17 धरा. मात्र खाली साचलेल्या चिकणमातीच्या चिखलावर रडार घेऊन जाऊ नका, सिग्नल तिथेच मरतो; तिथे विद्युत रोधकतेची मोजणी करा. शिवाय कड्याजवळ हवेतून येणारे प्रतिध्वनी जमिनीतल्या थरांसारखेच दिसतात.

तुमचे मार्गदर्शक सळईला जुनाट म्हणाले तरी ती न्या. दर 50 मीटरला खुपसा, आकडा तिथल्या तिथे वहीत लिहा आणि ती पानं अहवालाला जोडायचा आग्रह धरा. मी तेव्हा धरला नाही. माझी वही अजून जवळ आहे: वीस आकडे, सगळे 52 ते 67 च्या मधले.