सोसायटीसमोर झेब्रा क्रॉसिंग मारून घेतलं तर गाड्या थांबतील का?

नुसत्या पट्ट्यांनी नाही थांबणार. तुम्ही लिहिलंय की कोथरूडमध्ये तुमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर शाळा सुटायच्या वेळी गाड्या भरधाव येतात आणि कमिटी पट्ट्यांसाठी अर्ज करणार आहे. अर्ज जरूर करा, पण त्यात उंचावलेलं क्रॉसिंग मागा.

सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे २०१७च्या वाहन चालवण्याच्या नियमांत आहेच. पाळतं कोण? आपल्याकडे आजोबा हात आडवा धरून रस्त्यात उतरतात, तेव्हा कुठे चार गाड्या कचकन थांबतात. खरा प्रश्न वेगाचा आहे. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते, आणि समोर पोर आलंय हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढाच वेळ लागतो. ३०ने येणारी गाडी, रस्ता कोरडा असेल तर, तेवढ्या अंतरात पूर्ण थांबलेली असते. म्हणजे जिथे सावकाश येणारा उभा राहिला, तिथे जोरात येणाऱ्याचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो.

म्हणून क्रॉसिंगच फुटपाथच्या पातळीला उचलायचं, दोन्ही बाजूंना उतार द्यायचा आणि वर पट्टे मारायचे. गाडीवाल्याला वेग कमी करावाच लागतो. शिवाय म्हाताऱ्या माणसांची, व्हीलचेअरची चढउतार वाचते. रातोरात टाकलेले ते अरुंद, टोकदार गतिरोधक मात्र मागू नका. त्यांनी पाठीचे मणके हलतात आणि दुचाकीवाले कडेच्या फटीतून तस्सेच सुसाट जातात. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मापातला गतिरोधकसुद्धा ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच आहे, ताशी २५च्या आसपासच्या वेगासाठी.

दुसरी मागणी पार्किंगची, आणि भांडणं इथेच होतील. क्रॉसिंगला चिकटून कार किंवा टेम्पो उभा असेल तर मागून निघालेलं मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना एक-दोन गाड्यांची जागा मोकळी हवी. नुसता ‘नो पार्किंग’चा बोर्ड लावला तर त्याच्याच खाली गाडी लागेल, त्यापेक्षा फुटपाथच तेवढा पुढे वाढवून घ्या. रस्ता ओलांडायचं अंतरही कमी होतं.

अर्ज पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्या, प्रत पथ विभागाला आणि वाहतूक पोलिसांना. सोबत शाळा सुटतानाचा व्हिडिओ आणि शाळेचं पत्र जोडा. महापालिकेने २०१६मध्ये पादचारी धोरण मंजूर केलंय, त्याचा उल्लेख करा. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात, तेव्हाही हेच काम सुचवा.

काम सुरू झालं की एकदा खाली उतरून बघा: कडेने पावसाचं पाणी जायला वाट ठेवलीय का? ठेवली नाही तर जूनमध्ये क्रॉसिंगच्या वरच्या बाजूला तळं साचेल आणि पहिली तक्रार तुमच्याच सोसायटीची येईल.